पाठीवरची गोचीड

मार्सिंकोनिस, ४ ऑगस्ट

चि. दाइवा हिस, आईचे पोटभर आशीर्वाद.

सुकवलेल्या अळंब्यांचं पार्सल मिळालं का? यंदा जंगलानं हात सैल सोडलाय. शेजारच्या ब्रोनेशी माझा अबोला चालूच आहे. माझी अळंब्यांची जागा बघायला ती झाडांआडून मागे आली होती! अशा बाईला मी मीठसुद्धा उसनं देणार नाही.

शनिवारी अंघोळ करताना पाठीवर गोचीड लागली. बोट जेमतेम पोचलं, पण चिमटीत काही येईना. मग पळीच्या दांड्याला लोणी लावून चोपडलं, माझी आई करायची तसं. दोन दिवसांनी पडली. आता थोडी खाज येते, एवढंच. नाताळला तरी येशील ना? घर फार मोठं वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आई, एमिलिया

कॉर्क, १३ ऑगस्ट

ती. आईस, दाइवाचा नमस्कार, आणि त्यामागोमाग रागही.

लोणी पोळीला लावायचं, गोचिडीला नाही! त्यानं ती सुटत नाही, उलट अंगातलं विष आपल्यात ओकते. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची असते, आणि तीही लगेच. बाबांचा चेहरा त्या उन्हाळ्यात एका बाजूला कसा ओघळला, विसरलीस? त्यांच्या मांडीवर गोचीड चावून उठलेल्या लाल वर्तुळालाही आपण खाजच म्हणत होतो.

जंगलातून आल्यावर ओसरीत आपण एकमेकींचं अंग बघायचो. गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. शेवटी मी तुझ्या मानेवर फुंकर घालून ‘सुटलीस!’ म्हणायची. आता तुझी पाठ कोण बघतं, या विचारानं मला इथे परदेशात घास उतरत नाही. ब्रोनेमावशीकडे जा. आजच. नाक खाली गेलं तर जाऊ दे.

तुझ्या खुशालीसाठी जीव टांगलेली,
दाइवा

मार्सिंकोनिस, ८ सप्टेंबर

चि. दाइवा हिस, रागासकट सगळं पावलं. आशीर्वाद.

गेले बाई. ब्रोनेनं आधी दारातच पाच मिनिटं ताटकळत ठेवलं. मग पाठ बघितली आणि लगेच बसचं वेळापत्रक काढलं. एवढ्यावरून मी समजले. बशीएवढं लाल वर्तुळ होतं म्हणे. माझं काही न ऐकता तिनं मला पहिल्याच बसमध्ये कोंबलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. गोळ्या कालच संपल्या. डाग विरलाय, तोंडही सरळ आहे, आणि चालतंय पहिल्यासारखंच.

मोबदल्यात ब्रोनेला जागा दाखवावी लागली. आता आम्ही मोजे विजारीवर चढवून जोडीनंच जातो आणि आल्यावर ओसरीत एकमेकींची पाठ बघतो. तिची नजर घारीची, तीळसुद्धा सुटत नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लस दोघी मिळून टोचून घेणार आहोत. तेव्हा काळजी करू नकोस.

फक्त एवढंच, की बघून झालं की ती म्हणते, घाल आता कपडे. मी मात्र अजून क्षणभर मान खाली घालून तशीच बसते. फुंकर यायची राहिलेली असते ना.

वाट बघणारी,
आई