उटीला न्यायची गाडी पेडगावला

बंगळूर

तीर्थरूप आईस,
लेकीचा आणि दोन्ही नातवंडांचा नमस्कार.

आमी सगळे मजेत आहोत. पोरं फोनवर धड बोलू देत नाहीत, म्हणून लिहायलेय. तुझा गुडघा आता कसा आहे?

उन्हाळ्यात उटीला जायचं ह्यांनी ठरवलं होतं. भाड्याची गाडी घ्यायची, तिच्यातच पलंग आणि शेगडी असते. ओवी तर कधीची नाचायलीय. बाळाला दात यायलेत, म्हणून मला झोप जरा कमी पडते. काळजी करू नको.

रविवारी गाडी बघायला गेलो. बाळाला घेऊन मी त्या पलंगावर टेकले, तर तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ ह्यांच्या खांद्यावर होतं.

"राजेश्री, उटी राहू दे," हे म्हणाले. "तुझ्या आईकडं पेडगावला जाऊ."

मला त्या गाडीवाल्यासमोरच रडू आलं.

तिकडं ऊन लय आहे, ठाऊक आहे. तरी येतोच. एवढी गाडी फाटकातून वळेल का, ते दादांना बघायला सांग. हे पोरांना घेऊन गाडीत झोपतील. माझं अंथरूण तुझ्याजवळ टाक, आणि सकाळी मला उठवू नको.

तुझी,
राजेश्री