अस्वलाचं स्वप्न

बाबा, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, त्यामुळे घरातली भुतंखेतं तुम्ही केव्हाच हाकलून दिली होती. मला मात्र गडचिरोलीच्या त्या दोन खोल्यांत तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. मोहाची झाडं, त्यांच्याखाली अस्वल, आणि माझ्यापुढे पळत सुटलेला एक माणूस. मी सात-आठ वर्षांची असेन. सकाळी तुम्ही दाढी करताय आणि मी सांगते, "बाबा, अस्वल आलं पुन्हा. तो मानूस मले सोडून पळून राह्यला." तुमचा वस्तरा गालावरच थांबतो.

"अवं पोरी, ते काई खरं नाई. लाखो वर्सं मानूस जंगलात राह्यला. ज्यायनं झोपेत पळाची तालीम केली, ते जनावरापासून वाचले. आपन त्यायचीच लेकरं. म्हनून तेच स्वप्न घडीघडी पडते."

"मंग तो मानूस कोन?"

"कोनी नाई. चाल, शाळेची तयारी कर."

भीतीसुद्धा कामाची असते, हे वर्गात फक्त मला ठाऊक होतं. केवढा अभिमान वाटायचा! पुढे मीही जीवशास्त्र शिकवायला लागले आणि दरवर्षी मुलांना हे सांगत आले, "माझे बाबा म्हणायचे," असं म्हणून.

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी आत्या मोहफुलं वाळत घालता घालता सहज बोलून गेली. "तू तीन वर्साची होती. आमी मोह वेचाले गेलो, तं अस्वल आलं. तुह्या बापानं कडेवरून तुले खाली टाकलं न् पळाला. एका गोंडाच्या बाईनं टोपलं फेकून मारलं अस्वलाले, अन् तुले उचललं. त्यानं नाई सांगितलं का तुले?"

बाबा, पळालात याचा राग नाही. अस्वल समोर आलं की पाय कुणाला विचारत नाहीत. पण माझी आठवण तुम्ही माझ्याच हातातून काढून घेतली आणि तिच्या जागी विज्ञान ठेवलं, तेही असं की मी जन्मभर तुमचेच आभार मानावेत. त्या बाईचे मानायचे राहूनच गेले. तिचं गाव आत्यालाही आठवत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक कबूल करते. गेल्या महिन्यात माझी लेक म्हणाली, "आई, सगळे घरी जातात अन् मी फाटकापाशी एकटीच. सारखं हेच स्वप्न पडते." बालवाडीत असताना एकदा मी तिला आणायला विसरले होते. दिवे लागल्यावर चौकीदारानं तिला घरी आणून सोडलं. तिला ते आठवत नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काई नाई बाळा, तालीम असते ती."