धोंड्याच्या महिन्यातली मोटार

१५ मे १९६१, सोमवार
आज अधिक महिना लागला. अकोल्याहून सासऱ्यांचं कार्ड आलं: धोंड्याच्या जेवणाला यावं, लवकर यावं. तीन वर्षांनी येणारा महिना. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, छातीचं दुखणं. पुढच्या अधिकात आपण असू असं त्यांना वाटत नाही. जावयाचे पाय धुऊन त्याला अनारसे वाढण्यात पुण्य असतं, यावर माझा विश्वास नाही. पण त्यांचा आहे. म्हणून जायचं. रमाने सकाळीच ट्रंक काढली.
जायचं मात्र आपल्या मोटारीने. मार्चमध्ये घेतली, १९३८ची, प्रकृतीने उत्तम. थोडं तेल गळतं. मागच्या धोंड्याला मी बसने गेलो होतो आणि साडू केशवराव यवतमाळहून स्वतःच्या मोटारीने आले होते. याचा त्याच्याशी संबंध आहे का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

१६ मे
गळती घरीच काढायची. रमाचं म्हणणं, राजापेठेतल्या मिस्त्रीला बोलवा. तिला सांगितलं की तेल कुठून गळतं हा मुळात तर्कशास्त्राचा प्रश्न आहे, आणि कॉलेजात मी तर्कशास्त्रच शिकवतो. ती म्हणाली, मग शुक्रवारी निघू या? म्हटलं, गुरुवारी.
मोटारीबरोबर इंग्रजी पुस्तक मिळालं आहे. जाडजूड. कुठलंही पुस्तक मधूनच उघडणं मला अप्रामाणिक वाटतं. प्रस्तावनेपासून सुरुवात केली.

१८ मे, गुरुवार
निघालो नाही. घाई ही अज्ञानाची खूण.
मोटार विटांवर चढवली, खाली जुनं पांढरं धोतर अंथरलं. डाग जिथे पडेल तिथे गळती. शेजारचे पंजाबराव (बडनेऱ्याकडे शेती, बोलणं मोकळंढाकळं) कुंपणावरून वाकून म्हणाले, काहून प्रोफेसर, मोटार बाळंतीण हाये काय? धोतर काहून आंथरलं? त्यांना पद्धत समजावली. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, मले तं समदीकडूनच गळून रायलं दिसते. अभ्यास नसला की माणूस असा सरसकट बोलतो.

२० मे
धोतर सगळंच काळं. निष्कर्ष काढता येत नाही.
सगळे बोल्ट आवळले. मग मोठा शोध: इंजिनातून निघालेली एक नळी खाली चक्क उघडी सोडली आहे! तोंडाशी तेलकट वाफ. तेवीस वर्षांत एकाही मालकाच्या हे लक्षात येऊ नये? काढ्याच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलं. समाधान वाटलं, ते अहंकाराच्या जवळ जातंय असं वाटून थोडं कमी केलं.
मंगळवारी अकोला.

२३ मे, मंगळवार
बडनेऱ्याच्या रस्त्यावर चाचणी. पूर्वी जिथून येत नव्हतं तिथूनही आता तेल येतं. निराश होण्याचं कारण नाही. मोठी गळती थांबल्यामुळे लहान गळत्या उघडकीस येत आहेत. रमाला हे सांगितलं. तिने ट्रंकेतून दोन पातळं परत काढली.

२७ मे
मेहुणा गोवर्धन अकोल्याहून आला. अण्णा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून रस्ता बघतात म्हणे. केशवराव येऊन जेवून गेले. कसे आले, ते विचारलं नाही. त्याने सांगितलं. नवी मोटार घेतली आहे.
जाताना म्हणाला, भाऊजी, बस रोज जातात हो. म्हटलं, चार दिवस दे. त्याने अंगणातल्या काळ्या थारोळ्याकडे पाहिलं आणि त्याला वळसा घालून गेला.

३१ मे
इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं. त्याच्या सांध्यातलं पॅकिंग खराब. नवं पॅकिंग घरीच कापलं. उत्तम पुठ्ठा फक्त रमाच्या शालूच्या खोक्याचा होता. तिची परवानगी विचारली. कापल्यानंतर विचारली, हे नीतीत बसतं का? हेतू शुद्ध होता.
पुढच्या ओळीतल्या पाच बोल्टांचे आटे गेले. जास्त आवळल्यामुळे असेल. पण कमी आवळणं हा निष्काळजीपणा झाला असता.

४ जून
आज पुस्तकात त्या नळीचं प्रकरण आलं. इंजिनातली वाफ बाहेर जावी म्हणून ती मुद्दाम उघडी ठेवलेली असते. बंद केली तर आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. कधीही बंद करू नये, असं ठळक छापलं आहे.
बूच काढलं. एवढी महत्त्वाची गोष्ट प्रस्तावनेत यायला हवी होती.

८ जून
रमा म्हणाली, मी एकटी जाऊन येते. म्हटलं, जावयावाचून धोंड्याचं जेवण कसलं? म्हणाली, मग जावयांनी वहाणा घालाव्यात आणि स्टँडवर चालावं. मुद्दा बिनतोड होता. म्हणून गाडीखाली गेलो.
मंगळवारी अमावास्या. अण्णांकडे त्या दिवशी असलं काही करत नाहीत. म्हणजे सोमवार शेवटचा.

११ जून
चेंबर उतरवलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली. उद्या त्या लाखेने पॅकिंग चिकटवायचं. दुपारच्या आत अकोला.
पंजाबराव म्हणाले, माह्या जीपनं सोडून देतो तुमाले. म्हाताऱ्याले काहून वाट पाहाले लावता? नाकारलं. दुसऱ्याच्या जीपमधून उतरताना ती आपलीच आहे असा कुणाचा समज झाला तर ते असत्याचरण होईल. ते म्हणाले, मंग उतरल्यावर सांगजा ना बाप्पा, माही नाई म्हून. यावर विचार करायला हवा.

१२ जून, सोमवार, संध्याकाळ
सकाळी लाख लावली, चेंबर बसवलं. आटे गेलेल्या बाजूला ते खाली लोंबू लागलं. लाख वाळेपर्यंत चौफेर सारखा दाब हवा, असं पुस्तकात आहे. गाडीखाली उताणा पडून दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं.
दुपारी फाटकाशी टांगा थांबला. रमा ओरडली, अण्णा! अण्णा आणि सासूबाई बसने आले होते. हातात अनारशांचा डबा.
मी खालूनच नमस्कार सांगितला. हात सोडता येत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, कमलाकांतराव, बाहेर या. जावयाला जेवू घातल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा यांचा हट्ट आहे. सकाळपासून उपाशी आहेत, आणि ऊन बघा केवढं आहे. म्हटलं, थोडा वेळ. थोड्या वेळाने पुन्हा म्हटलं, थोडा वेळ.
कुंपणावरून पंजाबराव म्हणाले, विटा लावू काय खाली? म्हटलं, दाब सारखा राहणार नाही. मग ते अण्णांना म्हणाले, जावई सापडले नाई तं नाई, पाय तं सापडले. घ्या धुऊन.
अण्णांनी खरंच ताम्हन मागवलं. गाडीबाहेर माझे फक्त पाय होते. सासूबाईंनी पाणी घातलं, अण्णांनी पाय धुतले. तेल निघेना, तेव्हा रमाने शिकेकाई आणली. कुंकू अंगठ्याला लावलं. मग अण्णांनी गुडघे टेकले, एक हात जमिनीवर टेकून डोकं गाडीखाली घातलं आणि मला अनारसा भरवला. त्यांना धाप लागली होती. अनारशावर तेलाचा एक थेंब पडला. मी खाल्ला. अण्णा म्हणाले, झालं. मोटार छान आहे हो. मग त्यांनी पाणी मागितलं.
वरती त्यांची जेवणं झाली, ती मला ऐकू येत होती. चारच्या बसने ते निघाले. रमाही त्यांच्याबरोबर निघाली. तिने वाकून विचारलं, अण्णांना स्टँडपर्यंत पोचवायला तरी येता? म्हटलं, हात मोकळे नाहीत.
टांगा गेल्यावर खांदे भरून आले. सावकाश हात खाली घेतले. चेंबर हललं नाही. खालून हाताने ठोकून पाहिलं, ओढून पाहिलं. घट्ट बसलं होतं. कधीपासून, ते सांगता येत नाही. हात काढून पाहिले असते तर कळलं असतं.