काळी ओढणी, नव्वद अंश

मंगळवार, २ एप्रिल
ईस्टरच्या पहाटे गावच्या चौकात मेरीमातेच्या मूर्तीला तिचा मरणातून उठलेला मुलगा भेटतो आणि देवदूत तिच्या डोक्यावरची शोकाची काळी ओढणी उचलतो. देवदूत म्हणजे दोरीने वरून सोडलेली एखादी मुलगी. गेल्या वर्षीची वर टांगल्यावर इतकी किंचाळली की बँडला सूर सापडेना. आज चर्चच्या बैठकीत मी तोडगा दिला. लाकडी देवदूत, खांद्यात सर्व्हो मोटर, पोटात तिला हुकूम देणारा मायक्रोकंट्रोलर. सदतीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत. एक हात हलवायचा, त्यात काय. फादर अन्सेल्मो विचारात पडले. मी होकार समजलो. तीस वर्षं या मुलींना शिकवणाऱ्या रुफिनाबाई गप्पच होत्या. प्रगतीपुढे माणसांचं असंच होतं.

गुरुवार, ४ एप्रिल
मोटर आणली. काडेपेटीएवढी. नव्वद अंशांवर जा म्हटलं की जाते, पण एका झटक्यात. उशीचा अभ्रा लावून पाहिला, तो पंख्यावर जाऊन बसला. मोटर सदोष. दुकानदार म्हणतो, सर्व्होला कुठे जायचं तेवढंच कळतं, किती सावकाश ते कळत नाही. विकल्यावर सगळे असंच बोलतात.

शनिवार, ६ एप्रिल
पेर्पेतुआ शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "एकदम नव्वदवर कशाला पाठवतोस? एक अंश पाठव, थांब, मग पुढचा. मी झालर अशीच शिवते."
बायकोला शिवण आणि इलेक्ट्रॉनिक्स यांतला फरक शांतपणे समजावला. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पटलं असावं.

शुक्रवार, १२ एप्रिल
मोठा शोध. अंथरुणातच सुचला. एक अंश पाठवायचा, थांबायचं, मग पुढचा. जितकं जास्त थांबू तितका वेग कमी. लगेच पेर्पेतुआला सांगितलं. ती कॉफी ओतत होती. बरीचशी बशीत गेली.

मंगळवार, १६ एप्रिल
तालीम. दर अंशाला दोन सेकंद, म्हणजे अख्खं स्तोत्र होईपर्यंत तीन मिनिटं हात वर जाणार. भव्य. पण दर अंशाला टक् असा आवाज येतो. गाणाऱ्या बायकांच्या प्रमुखांनी विचारलं, हा देवदूत आहे की भिंतीवरचं घड्याळ? अर्ध्या सेकंदावर आणलं. कलाकाराला तडजोड करावी लागते.
रुफिना येऊन बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "ती आई आहे, डिओस्दादो. तिच्या डोक्यावरचं काढताना हाताला ते कळावं लागतं." म्हटलं, कळेल, प्रोग्राममध्ये घालतो.

शुक्रवार, १९ एप्रिल. गुड फ्रायडे
पवित्र दिवस म्हणून काम बंद. एवढंच तपासायचं राहिलंय की वीज सुरू करताना हात कधीकधी दचकतो. कधीकधी म्हणजे दर वेळी. पण त्यानंतर अगदी नीट वागतो, आणि रविवारी सुरू तर एकदाच करायचंय.

रविवार, २१ एप्रिल. सकाळी ९
घडलं ते असं. बायकांनी मेरीमातेची मूर्ती आणून कमानीखाली ठेवली. वर माझा देवदूत. त्याच्या हाताला लावलेला आकडा मी ओढणीत अडकवला. येशूची मूर्ती घेऊन येणारे पुरुष अजून बेकरीपाशी होते. तयारीत असावं म्हणून मी वीज सुरू केली.
हात दचकला, तो थेट नव्वदवर. ओढणी उडून बँडमधल्या ट्रॉम्बोनच्या तोंडात गेली. वाजवणाऱ्याने वाजवणं थांबवलं नाही. लोक हसले. मी वायर तपासत असल्यासारखा वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.
रुफिनांनी ओढणी काढून घेतली, झटकली, मूर्तीच्या डोक्यावर नीट बसवली आणि येशूची वाट पाहत तिथेच उभ्या राहिल्या.
येशू आला. स्तोत्र सुरू झालं. तेवढ्यात ओढणी पुन्हा आकड्यात अडकवायला म्हणून मी हात खाली आणायचं बटण दाबलं. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. एकही झटका नाही. वेग निर्दोष. ही नोंद राहिली पाहिजे.
नंतर पेर्पेतुआ आली. डोळे पुसत होती. सगळा चौकच पुसत होता, फादरसुद्धा.
"पाहिलंस ना, रुफिनांनी कशी उचलली?"
हो म्हणालो.
पाहिलं नव्हतं. मी अंश मोजत होतो. मान वर केली तेव्हा मेरीमातेचा चेहरा उघडा होता, आणि माझा हात अजून एक्केचाळीसवर होता.