हितचिंतकाचं नाव

ता. ४ जानेवारी

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे धडधाकट आहेत, अक्कल तेवढी कुणाची ठिकाणावर नाही. फोन केला नाही, कारण घरात कानाशिवाय काही उरलेलं नाही. तुझा काका वॉर्डातून उभा राहिल्यापासून बाहेरच्या खोलीत माणसांचा नुसता राबता आहे. चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. काकू म्हणते, पडले तर पंप दुरुस्तीऐवजी चहाचं दुकान टाकू, सराव झालाच आहे.

रस्त्यावर पाहावं तिकडे काकाचं तोंड टांगलंय. फोटोत हात असे जोडलेत की जन्मात ग्रीसला शिवला नाही असं वाटावं. वर लिहिलंय, घरोघर नळ. समोरच्या खांबावर औषधवाला, तोही उभा आहे. त्याचंही तेच, घरोघर नळ. इतके नळ येणार म्हटल्यावर मी म्हणते पोहायलाच शिकावं.

आता मुद्द्याचं. काल तुमच्या निवडणूक कचेरीतून काकाला नोटीस आली आणि खाली सही तुझी. फलकांचा खर्च कुणी केला त्याचं नाव खाली छापा, नाहीतर फलक उतरवा. त्यावर ‘समस्त हितचिंतक’ छापलंय, ते बाईसाहेबांना पुरलं नाही. तुझा बाप गेला तेव्हा काकानं स्वतःचं लग्न लांबवून तुला शिकवलं, ते त्याच्यावरच सही ठोकायला? त्यानं नोटीस वाचली, घडी केली आणि भूक नाही म्हणून उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःसाठी काही मागतोय. तेव्हा तुझ्या टेबलावरचा तो कागद दुसऱ्या कागदाखाली सरकव. कचेरीत कागद हरवतात, हे कळायला शाळा लागत नाही.

लोभ आहे. तो टिकवायचा की नाही ते तू ठरव.

आजी


ता. ७ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, शिव्याही पोचल्या. कागद सरकवणार नाही. काकाचा वॉर्ड दुसऱ्या कुणाकडे द्या, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, औषधवाल्यालाही त्याच दिवशी तीच नोटीस गेलीय, सही कुणाचीही असली तरी मजकूर बदलत नाही.

आजी, भिंतीवरून एवढ्या मोठ्यानं कुणी बोलायचं तर त्याच्या पाठीशी कोण उभं आहे ते लोकांना दिसायला हवं. नियम एवढाच आहे. हितचिंतक हे काही नाव नव्हे. ज्याला दुसऱ्याच्या हिताची एवढी चिंता आहे, त्याच्या आईबापांनी त्याचं बारसं केलंच असेल की. खोटं नाव घातलं तर छापखान्याला कुलूप लागतं, म्हणून छापखानेवाला खरं नावच छापेल. तू काकाला फक्त एक विचार. खर्च कोण करतंय, हे त्याला तरी माहीत आहे का? मला धास्ती त्याचीच वाटते.

मतदानानंतरच्या रविवारी घरी यायचं ठरवलं होतं. आता येऊ की नको, ते त्यालाच विचारून कळव. लोभ असावा. राग धरलास तरी चालेल, पण अबोला नको.

तुझी भिंगरी


ता. १३ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

या पत्रात टोमणे कमी सापडले तर आजी आजारी आहे असं समजू नकोस.

तुझा प्रश्न काकाला विचारला. तो म्हणाला, बाजारातले मित्र बघतायत, फुकटच्या गाईचे दात कशाला मोजायचे? मी म्हटलं, मोज बाबा, चावली म्हणजे मोजायला बोटं राहायची नाहीत.

परवा सकाळी छापखान्याचा माणूस शिडी आणि खळीची बादली घेऊन आला. काकाच्या फलकाखाली त्यानं पांढरी पट्टी चिकटवली. मग पलीकडे जाऊन त्याच बादलीतून औषधवाल्याच्या फलकाखाली. मी दूध घेऊन येत होते. डोळे अधू झाल्यापासून बारीक छपाई मला अक्षराला अक्षर जोडून वाचावी लागते, ते तुला माहीत आहे. काकाच्या फलकाखाली जोडलं तर निघालं टँकरवाल्याचं नाव, बापाच्या नावासकट. रस्ता ओलांडून औषधवाल्याचं जोडलं. तिथेही तोच. वाटलं, आपलंच चुकलं. परत मागे आले, परत वाचलं. तोच, आणि बापही तोच.

भिंगरे, हा टँकरवाला उन्हाळाभर आपल्याला पाणी विकतो. नळ आले तर त्याचे टँकर गंजत पडतील. आणि घरोघर नळ म्हणणाऱ्या दोघांनाही खांबावर चढवणारा तोच. कुणीही निवडून आला तरी माणूस त्याचाच.

मग जे झालं ते मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं थांबायला लागली. वर एवढाली तोंडं हात जोडून हसतायत, आणि त्यांच्याकडे कुणी बघेना. सगळे वाकून खाली वाचतायत. शिंपी वाकला, शाळेतल्या बाई वाकल्या, रिक्षावाला रिक्षा चालू ठेवून वाकला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बाकीचे हलक्या आवाजात सांगत होते, जणू घरात कुणी आजारी झोपलंय. वाचून झालं की रस्ता ओलांडायचे, पलीकडे वाकायचे, आणि मग सरळ होऊन नुसते उभे राहायचे. शिवी नाही, हसू नाही. आपल्याकडे मांजर आडवं गेलं तरी भांडण होतं, ती गल्ली गप्प. बोटभर पट्टी गं ती! तिनं अख्खा रस्ता वाकवला.

काका आला. त्यानंही दोन्हीकडे वाचलं. औषधवाला दुकानातून उतरला होता, तो मान फिरवून आत गेला. काकाच्या माणसांनी कानाशी लागून सांगितलं, गाडी तयार आहे, फेरी काढू, संध्याकाळपर्यंत लोक विसरतील. काका गाडीवर चढला, माईक हातात घेतला. मला वाटलं, आता नळ सुरू. त्यानं आपल्या फलकाखालची ओळ वाचून दाखवली, बापाच्या नावासकट. म्हणाला, हे मला आत्ता कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं, मी विचारलं नाही. म्हणाला, विचारणारी पोर माझ्याच घरात वाढलीय, पण मी तिच्यावर रुसून बसलो होतो. मग उतरला, शिडी मागून घेतली आणि एकेक फलक स्वतः काढला. आपलंच तोंड गुंडाळून काखेत मारून चाललेला माणूस तू कधी पाहिलायस? मी पाहिला. लोक बाजूला सरून त्याला वाट देत होते.

कार्यकर्ते पांगले. बाहेरची खोली रिकामी आहे. काकानं आज दिवसभर दुकान उघडून पंप जोडले. उद्या मतदान. सगळे म्हणतात तो पडणार, आणि मलाही तसंच वाटतं. तू यावंस का, ते त्याला विचारलं. तो म्हणाला, यात विचारायचं काय, रविवारी तिला उतरवून घ्यायला मी स्वतः जातो.

आजवर घरातली माणसं सांगतील त्या चिन्हासमोर मी बटण दाबत आले. उद्या पहिल्यांदाच कुणी न सांगता दाबणार आहे. पोटचा पोरगा म्हणून नव्हे. जन्म मी दिला हे खरं, पण ओळख परवा झाली.

लोभ आहे, कळावे.

आजी