आईच्या चमच्याची मूठ

२ जून, सोमवार
पक्षाघात झाल्यापासून आईच्या हातात चमचा टिकत नाही. बायको भरवायला गेली की तोंड फिरवते. कुणाच्या हातून खायचं नाही, हा हट्ट. जाहीर केलं, आठ दिवसांत जाड मुठीचा चमचा तयार करतो. घरात थ्रीडी प्रिंटर कशासाठी आहे? बायको म्हणाली, फुलदाण्यांसाठी. दुर्लक्ष केलं.

५ जून
क्रिएटिव्हिटीला मोकळी जागा लागते. टेबल खिडकीपाशी ओढलं. स्क्रीनवर ऊन येऊ लागलं. परत ओढलं. कंबर धरली. आज विश्रांती.

८ जून
डिझाइन फायनल! चारही बोटांना खाचा. माप माझ्याच हाताचं घेतलं, शेवटी मी तिचाच मुलगा. स्क्रीनवर फिरवून फिरवून बघितलं, ऊर भरून आला. आई फक्त दुधावर.

१० जून
नऊ तासांचं प्रिंट सहाव्या तासाला बिघडलं. हाती धाग्यांचं भेंडोळं. बायकोने विचारलं, हे काय? प्रोटोटाइप, म्हणालो.

१३ जून
फिजिओवाल्या बाई येऊन गेल्या. वजन फार घटलंय, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाल्या. काहीच सुचेना, म्हणून रंग निवडत बसलो. निळा.

१५ जून, दुपारी १
मूठ निघाली! गुळगुळीत, देखणी. चमच्याला बसवून आईच्या हातात दिली. तिची बोटं अर्ध्यावरच थांबली. चमचा चादरीवर पडला. माझ्यासाठी म्हणून तिने तो उचलायचाही प्रयत्न केला. तिचा हात एवढासा आहे, हे मला माहीतच नव्हतं.
मटेरियलचा दोष आहे, असं सगळ्यांना सांगितलं.

१६ जून
काल बायकोने साध्या चमच्याच्या दांड्यावर मळलेल्या पिठाचा गोळा थापला. त्यावर आईचं एकेक बोट मिटवलं आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. ठसा उमटला. आज वाळल्यावर वर सुती पट्टी गुंडाळली. आईने सात घास स्वतःच्या हाताने खाल्ले. मी मोजले.
मूळ कल्पना माझीच, हे नोंदवून ठेवतो.

१७ जून
पीठ किती दिवस टिकणार? आईला म्हणालो, चमचा दे, स्कॅन करून पक्का बनवतो. सोडेना. अडखळत म्हणाली, "माप हवंय ना? मग हात धर की माझा."
धरला. याआधी कधी धरला होता, आठवेना. फार वेळ तसाच बसलो.
माप घ्यायचं राहिलंच.