माझी कन्या तारा, आणि न ठेवलेली नोंद

ज्या कृपेमुळे निपुत्रिकाच्या घरीही पाळणा हलतो, त्या कृपेला प्रथम वंदन. श्रीगजानन साक्षी आहेत.

मी, उमाकांत बळवंत पांढरीपांडे, वय वर्षे सहासष्ट, रेल मिलचा सेवानिवृत्त निरीक्षक, राहणार वैशाली नगर, भिलाई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी असा लेख केलेला नाही.

१. राहते स्वकष्टार्जित घर, त्यातील सर्व चीजवस्तू व बँकेतील ठेव माझी (येथील पाच शब्द खोडले आहेत, कारण कलम ६ मध्ये. उ. ब. पां.) कन्या तारा, नंदिनी नगर येथील शिक्षिका, हिला द्यावी. त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.

२. थोरले बंधू मारोतराव यांना माझा दाढीचा आरसा द्यावा. ताराच्या बारशाला ते चारचौघांत म्हणाले होते, "नाक काही आपल्या घराण्याचं दिसत नाही." आपले नाक त्यांनी निवांत पाहावे. राग उरलेला नाही. आरसा मात्र द्यावाच.

३. आता मूळ गोष्ट. दोष माझ्या देहात होता. लग्नाच्या अठराव्या वर्षी नागपूरच्या एका डॉक्टरांनी ते सांगितले आणि परक्या पुरुषाच्या बीजाचा उपाय सुचवला. शास्त्रकारांनी पुत्रांचे बारा प्रकार मानले आहेत, त्यात परपुरुषाच्या बीजाचाही येतो. त्यांचा आधार घेऊन मी मनाची समजूत घातली. अट एकच घातली, की तो आपल्याच पोटजातीतला असावा. गोत्रही विचारले. डॉक्टर हसले. "वैद्यकीचा हुशार विद्यार्थी आहे, तुमच्यातलाच. नाव विचारू नका, मीही लिहून ठेवत नाही." सन १९७० मध्ये तारा झाली. तिला प्रथम हातात घेतले तेव्हा वाचलेले सारे शास्त्र मी विसरलो.

४. सन १९९३ मध्ये ताराचे लग्न ठरत आले. मुलगा दुर्गचा, सालस, तिच्या पसंतीचा. गोत्र, प्रवर, नाडी मी तीनदा तपासली. बोलणी करायला आलेली मुलाची आई स्वयंपाकघरात माझ्या पत्नीजवळ मन मोकळे करून गेली: तिचा मुलगाही तसाच झालेला, तेच डॉक्टर, त्याच सुमारास, आणि अटही तीच, आपल्यातलाच पाहिजे. मी नागपूर गाठले. डॉक्टर थकले होते. "एकच होता की दोघे, आता कसं सांगू? तुमच्या समाजातले असे कितीसे मिळत होते?"

पत्रिका दाखवून मी लग्न मोडले. पत्रिका निर्दोष होती. तारा तीन वर्षे माझ्याशी कामापुरते बोलली. पत्नी म्हणे, "तिले सांगून टाका न. मेल्यावर सांगान का?" मला लाज आड आली. गेल्या वर्षी पत्नीच गेली.

त्या मुलाच्या घराचे नाव येथे लिहीत नाही. तो अधिकार त्या माउलीचा आहे.

५. रेल मिलमध्ये मी अठ्ठावीस वर्षे रूळ तपासले. प्रत्येक रुळावर हीट क्रमांक उठवलेला असतो. त्यावरून रूळ कोणत्या भट्टीतला, कोणत्या दिवशीचा, हे तीस वर्षांनीही सांगता येते. लोखंडाची एवढी काळजी घेणाऱ्या देशात लेकराची नोंद ठेवण्याचा कायदा नाही. एका पुरुषाचे बीज किती घरी जावे याला मर्यादा असावी, त्याचे आजार लिहून ठेवावेत, आणि वयात आल्यावर अपत्याला ती वही पाहता यावी, असे तीन अर्ज मी भोपाळला केले. एकाची पोच आली. त्यांच्या प्रती भाचा अ‍ॅड. अरुणकुमार याला देत आहे. त्याने चौथा अर्ज करावा, आणि पुढेही करीत राहावे. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक.

६. हा मसुदा मी काल ताराच्या हाती दिला. मरणानंतर सांगणे म्हणजे पळून जाणे होय, हे पत्नीचे म्हणणे मला पटले. ताराने तो दोनदा वाचला.

"बाबा, मले वाटे का माह्यातच काही खोट हाय."

"खोट माझ्यात होती, बाळ."

ती कागद उलटून पहिल्या पानावर गेली. मग पहिल्या कलमावर बोट ठेवून म्हणाली, "हे 'पत्नी रत्नमाला हिच्या पोटी जन्मलेली' कावून लिवलं? वकिली करून राहिले का माह्यासंग? काटा ते."

मी ते पाच शब्द खोडले आणि बाजूला सही केली. मोडलेल्या लग्नाविषयी ती काही बोलली नाही. ती क्षमा मी मागत नाही. ती तिची ठेव आहे. आज सकाळी मात्र तिने माझ्यासमोर बसून चहा घेतला.

७. माझी उत्तरक्रिया ताराने करावी. गुरुजी गोत्र विचारतील, तेव्हा तिने माझे सांगावे, किंवा नुसते "मी त्यांची मुलगी" म्हणावे. मला दोन्ही पोहोचेल.

स्थळ: भिलाई, जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश
दिनांक: ११ मार्च १९९६

(सही) उमाकांत बळवंत पांढरीपांडे

आमच्यासमक्ष सही केली:
१. ओमप्रकाश साहू, शेजारी
२. सिंधुताई गोडबोले, निवृत्त मुख्याध्यापिका

हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या घरची लेकरे सुखी असोत. आणि आपण कोठून आलो असे त्यांनी कधी विचारले, तर उत्तर देणारे कोणी जवळ असो.